पद्मिनीचं हेड दोन एमएम फेस करून कॉम्प्रेशन वाढवू का?

पारोळ्याचा_गाडीवेडा
राम राम मंडळी. वडिलांची ८४ ची प्रीमियर पद्मिनी, चार वर्षं शेडमध्ये कापसाच्या गोण्यांमागे उभी होती, चालू केली तर नुसता निळा धूर आणि ऑइल पिते म्हणून शेवटी इंजिन उतरवलं. बोअर (सिलिंडरचं भोक) ४० साइजला, म्हणजे ०.०४० इंच मोठा, जातोय, पिस्टन मिळालेत. आता लेथवाला म्हणतो हेड (सिलिंडरवरचं झाकण) वाकलंच आहे तर दोन एमएम घासून टाकू, कॉम्प्रेशन (आतला दाब) वाढेल, मग पिकअप बघा. आमचा मिस्त्री म्हणतो अजिबात नको. दोघं आपापल्या जागी ठाम आणि मी मधे. वर्षातून पाच-सहा वेळा चाळीसगाववरून कन्नड घाट चढून संभाजीनगरला जाणं असतं. काय करू?

तापीकाठचा_मिस्त्री
दोन एमएम म्हणजे काय केळीनं साल शे का रे भो, सोललं आनी फेकलं! घासलेलं परत येत नाही. आधी मोज, मग बोल.

आता हिशोब बघ. मूळ बोअर ६८ एमएम, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५, म्हणजे एका सिलिंडरचे २७२ सीसी. माझ्या गाडीचं मोजलं होतं तेव्हा पिस्टन वर असताना उरलेली जागा, गॅस्केटची (हेडखालच्या पॅकिंगची) जाडी धरून, ४३ सीसी भरली. २७२ भागिले ४३ अधिक १, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो ७.३. तुझा बोअर ४० ला गेला की सिलिंडर २८० सीसीचा होतो आणि हेडला हातही न लावता रेशो ७.५ वर जातो, हे कोणी सांगत नाही. हेड एक एमएम घासलं की अंदाजे ३ सीसी कमी होतात, झाला ८. दोन एमएमला साडेआठ.

मोजायला मोठं काही लागत नाही. व्हॉल्व्ह आणि प्लग लावून हेड उलटं ठेव, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटव आणि मेडिकलमधल्या सिरिंजने रॉकेल भर. किती सीसी गेलं ते लिहून ठेव, चारही चेंबरचं वेगवेगळं. गॅस्केटची आणि पिस्टनच्या वरची जागा नंतर त्यात मिळव.

धुळ्याचा_ड्रायव्हर
मी हीच चूक केलेली आहे. न मोजता घासून घेतलं, जानेवारीत गाडी मस्त पळाली, मी पण गावभर सांगत फिरलो. मे महिन्यात चार माणसं आणि डिकीत आंबे घेऊन तोच घाट चढताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज, म्हणजे इंजिन ठोकायला लागलं. प्लगच्या ठिणगीचं टायमिंग मागे घेतलं तर आवाज गेला पण पिकअपही गेला आणि गाडी जास्तच तापायला लागली. म्हणजे जे कमावलं ते सगळं तिथेच घातलं. शेवटी जाड गॅस्केट टाकून उतारा केला.

भुसावळ_४६_डिग्री
दादा, तुमचा अनुभव खरा, पण आता पेट्रोल बदललंय. इ-२० चं (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) ऑक्टेन, म्हणजे न ठोकता दाब सोसायची ताकद, जुन्या साध्या पेट्रोलपेक्षा जास्त आहे, त्यामुळे ८ पर्यंत ठोकायला नको, रेडिएटर साफ आणि टायमिंग बरोबर असेल तर. फक्त तेच इथेनॉल फ्युएल पंपाचा डायफ्राम आणि जुने पाइप खातं, ते आधी बदला. मिक्श्चरही लीन होतं (पेट्रोल कमी, हवा जास्त), तर कार्ब्युरेटरचा जेट एक नंबर मोठा टाकून बघावा लागतो.

पण मला विचाराल तर एवढा खटाटोप कशासाठी? ७.३ वरून ८.५ ला नेलं तरी थिअरीने फायदा ५ टक्क्यांच्या आत. इंजिन ४० घोड्यांचं (हॉर्सपॉवर), मिळाले तर दोन घोडे. त्यापेक्षा जास्त तर घासलेल्या पॉइंट्समध्ये आणि चोंदलेल्या कार्ब्युरेटरमध्ये अडकलेले असतात.

तापीकाठचा_मिस्त्री
हे लाख बोललास. अजून एक राहिलं, हेड खाली आलं की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला रॉकर ढकलणारा दांडा) तेवढाच लांब पडतो, रॉकरचा कोन बिघडतो. नुसतं टॅपेट सेटिंग करून भागत नाही, रॉकर शाफ्टच्या स्टँडखाली तेवढी शिम (पातळ पत्र्याची चकती) टाकावी लागते. आणि पिस्टनवर मातीची गोळी ठेवून, हेड कसून इंजिन हाताने दोन फेरे फिरव. गोळी किती दबली बघ, व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो का ते तिथंच कळतं.

पारोळ्याचा_गाडीवेडा
मंडळी, रविवारी बसून मोजलं, बायको म्हणते दवाखाना उघडला का. सगळं धरून १ नंबरला ४० सीसी आणि ४ नंबरला ३८. म्हणजे आधीच कोणीतरी घासलंय, आणि तेही तिरकं! वडिलांना विचारलं तर म्हणे हो, एकदा गॅस्केट उडालं होतं तेव्हा काहीतरी केलं होतं. म्हणजे नवीन बोअरवर ८ ते ८.४ आत्ताच होतंय ना?

तापीकाठचा_मिस्त्री
बरोबर. लेथवाल्याला सांग, पट्टी ठेवून ०.१ एमएमची फीलर (पातळ मापपट्टी) जात नाही एवढंच सरळ कर, दोन एमएमचं नाव काढू नको. मग परत मोज आणि लहान चेंबर हाताने थोडं थोडं घासून मोठ्याच्या बरोबरीत आण. तेवढं झालं की फोटो टाक.