मदत हवी आहे: भाचा सुई टोचून घेतोय, नाशकात कुठे न्यायचं?

त्रस्त_मामा: भाचा बावीसचा, सिडकोत आमच्याकडेच राहतो. बॅगेत सिरिंज सापडल्या, कोपराच्या आत काळे-निळे डाग. ताईला अजून कळवलेलं नाही. लगेच भरती करून घेणारं केंद्र सांगा. प्रवचन नको.

नाशिकरोडकर: घेतो काय? एमडी (मेफेड्रोन), गर्द (ब्राउन शुगर) की मेडिकलमधलं काही?

त्रस्त_मामा: नशा करतो, एवढं पुरे नाही का?

नाशिकरोडकर: नाही. गर्द असेल तर सरकारी ओएसटी केंद्रात, म्हणजे गर्दऐवजी पर्यायी औषध देतात तिथे, ब्युप्रेनॉर्फिन मिळतं. रोज त्यांच्यासमोर गोळी जिभेखाली ठेवायची. तलफ आवरते, सुई सुटते. एमडीवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

सह्याद्री_७: इगतपुरीला विपश्यनेला पाठवा. माझी तर बीपीची गोळी निम्मी झाली.

पंचवटीची_माई: अहो, नशा तुटल्यावर ज्याचं नाक गळतंय, अंग मोडून येतंय, तो दहा दिवस मौनात बसेल का? मी या कामात होते, म्हणून सांगते. आधी सिव्हिलला आयसीटीसीत (समुपदेशन-तपासणी केंद्रात) एचआयव्हीची तपासणी, मोफत आणि गुप्त. हिपॅटायटिस बी-सी पण बघा. सी निघाला तरी सरकारी औषधांनी बरा होतो. आणि त्या सिरिंज फेकल्यात तर तो मित्राची वापरेल!

वास्तववादी: म्हणजे घरात सुया जपून ठेवायच्या? सरळ पोलिसांत द्या.

पंचवटीची_माई: एनडीपीएसचं, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचं, कलम ६४अ वाचा. थोड्या मालासह सापडलेला व्यसनीसुद्धा स्वतःहून उपचार घ्यायला तयार असेल तर खटल्यातून सुटू शकतो.

वास्तववादी: २०२३ ला शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, तोवर सगळे झोपले होते का? आता सिंहस्थाच्या नावाने रस्ते खोदताहेत...

नाशिकरोडकर: अवांतर नको. मामा, काय घेतो ते कळलं का?

त्रस्त_मामा: गर्द. आधी ओढायचा, मग परवडेना म्हणून सुई. एक सिरिंज तिघांत. आता सांगा, कुठे कोंडू?

पंचवटीची_माई: कोंडू नका हो! महिनाभर बंद राहिला की शरीराची सवय मोडते. सुटल्यावर जुनाच डोस घेतला तर जीव जातो. त्याला सोबत घेऊन सिव्हिलला जा, जवळचं ओएसटी केंद्र एचआयव्हीच्या हेल्पलाइनला, १०९७ वर विचारा. व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६. कधी श्वास मंद झाला, ओठ निळे पडले तर झोपलाय म्हणून सोडू नका, १०८ लावा.

त्रस्त_मामा: जातो. ताईला काय सांगू पण?

सह्याद्री_७: विपश्यनेचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो.