एक बीट, अनेक आवाज: मिळून केलेल्या रॅपचे अनुभव

धागाकर्ती, पुणे

आमचं गाणं मागच्या महिन्यात एकदाचं पूर्ण झालं. चौघं जण, साडेतीन मिनिटांचं गाणं आणि सात महिने. एकटीनं केलेल्या गाण्यांत जे कधी कळलं नव्हतं ते या सात महिन्यांत कळलं, म्हणून हा धागा काढतेय.

रॅप ज्यातून आला ते हिप हॉप मुळातच एकट्यादुकट्याचं नाही. ११ ऑगस्ट १९७३ च्या ज्या पार्टीपासून त्याची सुरुवात धरतात, ती न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सिंडी कॅम्पबेलनं ठरवली होती. रेकॉर्डं तिचा भाऊ डीजे कूल हर्क वाजवत होता आणि माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक होता. आपल्याकडे मुंबईच्या स्वदेसी या रॅप गटाच्या पोरांनी २०१९ मध्ये आरेच्या जंगलासाठी गाणं केलं, तेव्हा तिथलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं. ज्यांचं जंगल त्यांचाच आवाज त्यात आहे, म्हणून ते मला आजही तितकंच भिडतं.

तुम्ही कुणाबरोबर गाणं केलं असेल तर लिहा. कुणाची ओळ गेली, कुणाची राहिली, कुठे अडलं, हातचं राखून ठेवू नका.

वऱ्हाडी ठेका, अमरावती

ताई, आमचं अडलं ते भाषेवर. आम्ही तिघं: मी, एक कोल्हापूरचा, एक पुण्याचा. माझी पहिली ओळ होती, "काऊन पाऊन रायला बे". पुण्याचा भाऊ म्हणाला, सगळ्यांना कळेल असं "माझ्याकडे काय बघतोस" कर. करून पाहिलं. अर्थ तोच, पण ठेका गेला. माझ्या ओळीत "बे" बरोबर स्नेअरवर, म्हणजे ड्रमच्या कडक ठोक्यावर पडतो, तिथं तोंड उघडतं, आवाज सुटतो. "बघतोस"मधला "स" तिथंच विरून जातो. दोन्ही रेकॉर्ड करून पाठवले, वर काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच मेसेज आला, "बे राहू दे."

आणखी एक. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून "केलं, गेलं, नेलं" असं यमक फुकटात जुळतं आणि चार ओळींत कान कंटाळतो. कोल्हापूरच्या भावानं नियमच घातला: क्रियापद ओळीच्या पोटात, यमक नामावर. तिघांनीही आपापली कडवी पुन्हा लिहिली. आमचं गाणं उभं राहिलं ते त्या नियमामुळे.

रात्रपाळी, ठाणे

मी बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारं संगीत करतो. एका गाण्यात बीट आधी ८८ च्या टेम्पोवर (मिनिटाला ८८ ठोके) पाठवली आणि नंतर ९२ केली. एका मित्रानं जुन्याच फाइलवर रेकॉर्ड केलं. सोळा बारांत (एक बार म्हणजे चार ठोके, साधारण एक ओळ) जवळपास दोन सेकंदांचा फरक! आवाज ओढून-ताणून बसवला, तर त्याच्या बोलण्यातला निवांतपणाच गेला. त्याला पुन्हा गायला लावलं आणि चूक माझी होती हे सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून फाइलच्या नावातच टेम्पो आणि तारीख लिहितो. आवाजाची फाइल बीटच्या शून्य सेकंदापासून, इफेक्ट न लावता, वेव्ह फॉरमॅटमध्येच मागतो. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांनी कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गावं. खोलीचा घुमारा बराच कमी होतो.

सोळा बार, नाशिक

मला बोलावलं ते फक्त हूक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारं धृपद गायला. "मुलीच्या आवाजात गोड वाटेल," एवढंच कारण. मी सोळा बार लिहून नेले, म्हणून दाखवले. आठ मिळाले. त्या आठ ओळींत मी आईच्या पाळणाघराबद्दल बोलले आहे. हूकही मीच गायले, पण आता कुणी बोलावलं की कडवं किती बारांचं हे आधी विचारते.

झीलकऱ्याचा पुतण्या, सांगली

आमचे चुलते शाहिरामागे झील धरायचे. शाहिरानं ओळ टाकायची आणि मागच्यांनी "जी जी रं जी" म्हणत ती उचलायची. माझा मुलगा रॅप करतो. त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी हूकसाठी तीच झील घ्यायची ठरवली आणि गावातल्या एका हलगीवादकांना गच्चीवर बोलावलं. मी चहा द्यायला म्हणून गेलो तो शेवटपर्यंत तिथेच बसलो.

श्रावणातली दुपार. हवेतल्या ओलीनं हलगीचं कातडं सैल पडायचं. वादक दर थोड्या वेळानं वर्तमानपत्राचा जाळ करून हलगी शेकायचे, बोटानं टिचकी मारून कान लावायचे, मगच काडी हातात घ्यायचे. पोरं गप्प बसून बघत होती. मग त्यांच्या कानात मेट्रोनोमची टकटक घातली, आणि तिथं सगळं बिघडलं. हात आखडला. ते म्हणाले, "हे काढा. मी पोराच्या तोंडाकडे बघून वाजवतो."

मग मुलानं समोर उभं राहून कडवं म्हटलं आणि त्यांनी वाजवलं. लय शेवटाकडे किंचित चढत गेली, हलगीत ती चढतेच. पोरांनी रात्री बसून मशीनवरचे बास आणि किकचे ठोके त्या हलगीमागे सरकवले. मशीनला माणसाच्या मागून चालायला लावलं, याचा मला फार आनंद झाला. श्रेयनामावलीत पहिलं नाव हलगीवादकांचं आहे.

धागाकर्ती

काका, वाचताना डोळे भरून आले. श्रेयाचं तुम्ही काढलंत म्हणून लिहिते. आमच्या पहिल्या गाण्याची बीट आम्ही इंटरनेटवरून "फ्री" म्हणून घेतली होती. परवानगीची अट कुणी नीट वाचली नाही, गाणं चढवल्यावर हक्काचा दावा आला आणि गाणं उतरवावं लागलं. या वेळी पहिल्या दिवशीच कागदावर लिहिलं: शब्द कुणाचे, चाल आणि बीट कुणाची, कुणाचा किती टक्के वाटा, चौघांच्या सह्या. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्यानंच राखून ठेवलाय, पण आपसात कोण काय हे आपणच लिहायचं असतं. मैत्रीत कसला कागद, असं मीच म्हणायचे. आता म्हणत नाही.

काका, हलगीसाठी माइक किती लांब ठेवला होता?

झीलकऱ्याचा पुतण्या

मुलाला विचारून सांगतो. तीन हात, आणि जरा तिरका. जवळ ठेवला होता तेव्हा नुसता काडीचाच आवाज येत होता.