प्रीमियर सीएस 6 आता टाकून द्यायचं का?

रंकाळा_व्हिडिओ:
मंडळी, कोल्हापुरात शाहूपुरीत माझं व्हिडिओ शूटिंगचं छोटं युनिट आहे. लग्नं, बारशी, एखादी वास्तुशांत. एडिटिंगला ॲडोबीचं प्रीमियर प्रो सीएस 6 हे सॉफ्टवेअर वापरतो, रीतसर विकत घेतलेलं. खोकं अजून कपाटावर आहे. विंडोज 7, 16 जीबी रॅम, एनव्हिडियाचं 2 जीबीचं कार्ड. इतकी वर्षं कुरकुर नव्हती, पण या सीझनला दोन भानगडी झाल्या.

कसबा बावड्यातल्या लग्नात तिसरा कॅमेरा म्हणून पोराचा मोबाईल स्टँडवर लावला. टाइमलाईनवर सुरुवातीला आवाज जुळला, पहिली मंगलाष्टकं नीट गेली. पुढं आवाज हळूहळू मागं पडत गेला. शेवटी अक्षता पडून झाल्या, माळा घालायला हात वर गेले, आणि 'सावधान' आत्ता ऐकू येतंय! नवरीच्या मामानं बघितलं असतं तर राहिलेलं बिल बुडालंच होतं.

दुसरं, ड्रोनवाल्यानं पन्हाळ्याचं प्री-वेडिंग दिलं, त्या फाईली सीएस 6 आत घेतच नाही. भाचा म्हणतो, "मामा, हे म्युझियमला द्या, सीसी घ्या." सीसी म्हणजे प्रीमियरची नवी, भाड्यावरची आवृत्ती. महिन्याच्या महिन्याला भाडं भरायचं जिवावर येतं. पावसाळ्यात माझ्या मशीनवर धूळ साठलेली असते, त्याचं पण भाडं? खरंच एवढा फरक आहे का?

गडहिंग्लजकर:
प्रीमियर सोडा, एडियसचं एडिटिंग सॉफ्टवेअर घ्या. विषय संपला.

जुना_टेपवाला:
एडियसवाले आले का, शंभर वर्षं आयुष्य!

दादा, टाकून द्यायच्या आधी जरा मागं बघा. मी सीएस 4 वर लग्नं काढलीत. ते 32 बिट. मशीनमध्ये रॅम कितीही कोंबा, सॉफ्टवेअरला तिचा तुकडाच मिळायचा. कॅननच्या 5डी मार्क 2 चं फूटेज टाकलं की अडखळत चालायचं. क्लिपवर कलरचा इफेक्ट लावला की टाइमलाईनच्या वर लाल पट्टी, म्हणजे आधी रेंडर करा, मशीनला तो भाग तयार करून ठेवू द्या. एंटर दाबायचा, खाली जाऊन चहा प्यायचा, वर आलं की अजून चाळीस टक्के. गिऱ्हाईक शेजारी बसून "जरा उजळ करा" म्हटलं की पुन्हा लाल.

2010 ला सीएस 5 आलं, ते फक्त 64 बिटवर चालणारं, आणि त्यात मर्क्युरी इंजिन. काम ग्राफिक कार्डवर गेलं. तोच इफेक्ट, पण पट्टी पिवळी, म्हणजे रेंडर न करता चालतंय. माझं कार्ड त्यांच्या यादीत नव्हतं. प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये कार्डांच्या नावांची साधी टेक्स्ट फाईल असायची, नोटपॅडमध्ये उघडून शेवटी माझ्या कार्डाचं नाव टाइप केलं, आणि पट्टी पिवळी! त्या रात्री मी घरी लवकर गेलो, तर बायको म्हणाली बरं नाही का.

सीएस 6 2012 चं. हलणारा शॉट स्थिर करणारा वार्प स्टॅबिलायझर प्रीमियरमध्येच आला, एकच इफेक्ट अनेक क्लिपांवर लावणारी ॲडजस्टमेंट लेयर आली. वरातीत हलगीपुढं चालत घेतलेला शॉट पहिल्यांदा बघण्यासारखा झाला. (ज्या क्लिपचा स्पीड बदललाय तिच्यावर तो लागत नाही, आधी नेस्ट करा, म्हणजे क्लिप वेगळ्या सिक्वेन्समध्ये गुंडाळा. यात माझी एक अख्खी दुपार गेली होती.) आणि एकदा पैसे देऊन कायमचं आपलं झालेलं ते शेवटचंच. 2013 पासून भाडंच.

कृष्णाकाठ:
काका, तुमचं सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही, फाईली बदलल्यात.

मोबाईल फ्रेम एका लयीत घेत नाही. उजेड कमी-जास्त झाला, फोन तापला की सेकंदाला कधी 30, कधी 27. त्याला व्हेरिएबल फ्रेमरेट म्हणतात. सीएस 6 सगळं एकसारखं आहे असं धरून चालतं, म्हणून फरक साठत जातो. मीडियाइन्फो हे मोफत टूल टाका, फाईलचा फ्रेमरेट मोड दिसेल. ड्रोनच्या फाईली बहुतेक एच 265 या नव्या व्हिडिओ फॉरमॅटच्या असणार. ते सीएस 6 ला वाचताच येत नाही. सीसीच्या नंतरच्या आवृत्त्या दोन्ही पचवतात.

उपाय हॅन्डब्रेक, फाईलचा फॉरमॅट बदलणारं टूल, तेही मोफत. एच 264 हा जुना फॉरमॅट निवडा, फ्रेमरेट 25, आणि खाली 'कॉन्स्टंट'वर टिंब आहे ना बघा. तेच विसरतात सगळे. नवा हॅन्डब्रेक विंडोज 7 वर चालत नाही, भाच्याच्या मशीनवर करा. ड्रोनचं 4के असेल तर तिथंच 1080 करून घ्या, नाहीतर तुमचं कार्ड रडेल.

सीसीत कामाचं म्हणाल तर रंग सुधारायचं 2015 चं लुमेट्री कलर पॅनल आणि 2016 चं प्रॉक्सी, म्हणजे जड फाईलीऐवजी तिच्या हलक्या नकलेवर कापणं. रोज 4के कापणाऱ्यानं घ्यावं. तुमची लग्नं 1080 च्या पेनड्राईव्हवर जातात ना?

जुना_टेपवाला:
मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः जोडून घेतला होता. आपण फाईल बदलून घ्यायला कंटाळतो होय!

रंकाळा_व्हिडिओ:
केलं. मोबाईलची फाईल रात्रभर लावली होती. सकाळी टाइमलाईनवर टाकली आणि थेट शेवटाला गेलो, ताशाची काडी पडते तिथं. काडी आणि आवाज एकत्र. मागं येऊन 'सावधान' बघितलं, अक्षता नंतरच पडल्या. पन्हाळा पण आत आला. भाडं वाचलं. फक्त पन्हाळ्याचे रंग फिके आहेत, ते भाचा त्याच्या सीसीवर करून देणार आहे.

कृष्णाकाठ:
फक्त क्लिपा द्या त्याला, प्रोजेक्ट देऊ नका. सीएस 6 चं प्रोजेक्ट सीसीत उघडतं, सीसीचं परत सीएस 6 मध्ये येत नाही.

रंकाळा_व्हिडिओ:
हे काल सांगायचं होतं की राव. कालच दिलं.

कृष्णाकाठ:
घाबरू नका, सीसी वेगळ्या नावानं नवी फाईल करतं, तुमची जुनी तशीच असेल. त्यानं केलेले रंग तेवढे एक्स्पोर्ट करून मागा.

रंकाळा_व्हिडिओ:
फोन केला. उचलत नाही. रात्रभर रंग करत बसला होता म्हणे, आता झोपलाय.