'पब्लिक एनिमीज': लॉज खरं, तारखा सगळ्या खोट्या

रातकिडा:
कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय की जॉन डिलिंजर या अमेरिकन बँक-दरोडेखोरावरचा मायकल मानचा 'पब्लिक एनिमीज' (२००९) म्हणजे "जवळजवळ माहितीपटच", कारण लिटल बोहेमियाचं, म्हणजे सरकारी एजंटांनी डिलिंजरच्या टोळीवर छापा घातला त्या लॉजचं, शूटिंग खऱ्या लॉजमध्येच झालंय. तिथे दोन ओळींत भागेना, म्हणून वेगळा धागा.

सिनेमात प्रिटी बॉय फ्लॉइड हा दुसरा दरोडेखोर सुरुवातीलाच मरतो. प्रत्यक्षात तो मेला २२ ऑक्टोबर १९३४ ला, डिलिंजरनंतर बरोबर तीन महिन्यांनी. डिलिंजरचा साथीदार नेल्सन, त्याला लिटल बोहेमियाच्या छाप्याच्याच रात्री उडवलंय. खरा नेल्सन नोव्हेंबरपर्यंत टिकला आणि जाताना काउली व हॉलिस या दोन एजंटांना घेऊन गेला. इंडियानातल्या मिशिगन सिटीची तुरुंगफोड डिलिंजर जातीने करतो म्हणे! २६ सप्टेंबर १९३३ ला, ती झाली तेव्हा, तो स्वतःच ओहायोत कोठडीत होता. पिस्तुलं त्याने आधीच आत पोचवली होती. सुटलेल्यांनी मग लायमाच्या शेरीफला मारून त्याला तिथल्या कोठडीतून बाहेर काढलं. हे कमी नाट्यमय आहे?

ठोकळा:
पंचांग मांडीवर घेऊन सिनेमा बघणाऱ्यांना दंडवत. खटकायचंच तर ते डिजिटल चित्रण खटकू दे. सोनीचा एफ२३ कॅमेरा. कमी उजेडात शटर जास्त उघडं ठेवलं की हालचाल ओघळते, आणि १९३४ चा गोळीबार लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो.

मोटारवेडा:
दोघंही वॉल्टर डीट्रिचला विसरलात. हर्मन लॅम या जुन्या बँक-दरोडेखोराच्या टोळीतला हा माणूस. लॅमची पद्धत म्हणजे आधी बँकेचा नकाशा, प्रत्येकाला एकच काम, आत थांबायची वेळ ठरलेली. वेळ संपली की उरलेले पैसे तिथेच टाकून निघायचं. पळायचा रस्ता आधी गाडीने मोजायचा. कुठल्या मैलाला कुठलं वळण, ते कागदावर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर. तुरुंगात डिलिंजरकडे हे ज्ञान आलं ते याच्यासारख्यांकडून. मानने त्याला पहिल्याच प्रसंगात मारून टाकलाय. खरा डीट्रिच जानेवारी १९३४ मध्ये जिवंत पकडला गेला.

ठोकळा:
मग एवढा शिस्तीचा लॅम मेला कसा? क्लिंटन, इंडियानातला बँक-दरोडा, डिसेंबर १९३०. एक न्हावी बंदूक घेऊन आला, ड्रायव्हर घाबरला, गाडी गर्रकन वळवताना फुटपाथच्या कडेला घासून टायर फुटला. दुसरी गाडी पळवली तर तिला वेग रोखणारा गव्हर्नर बसवलेला. मग ट्रक, त्याच्या रेडिएटरात पाणी नाही. तो कागद काय चाटायचाय?

मोटारवेडा:
पद्धत चुकली नाही, गाड्या चुकल्या. डिलिंजरच्या टोळीने पुढे त्याचाही बंदोबस्त केला. सू फॉल्स, मार्च १९३४: ओलिसांना गाडीच्या बाहेरच्या पायफळीवर उभं केलं, म्हणजे पोलिसांना गोळी झाडता येईना. मागे रस्त्यावर छपराचे खिळे.

ठोकळा:
आणि तरी पोलिसाच्या गोळीने त्यांच्या पॅकार्डचा रेडिएटर फुटलाच. हे सोयीस्कर गाळलंत.

रातकिडा:
अहो, माझ्या धाग्याचं गॅरेज करू नका! लिटल बोहेमियाचं बोला. कुत्री भुंकली, एजंट बिचकले, निघालेल्या गाडीतल्या तीन साध्या गिऱ्हाइकांवर गोळ्या, एक ठार. टोळी मागच्या खिडक्यांतून उतरून तळ्याकाठाने पसार, कारण ती बाजू कोणी धरलीच नव्हती. गिऱ्हाइकांना गोळ्या लागतात तेवढं मानने दाखवलंय. घ्या, एक गुण दिला.

ठोकळा:
उपकार झाले. कॅमेऱ्यावर मात्र अजून अवाक्षर नाही.

मोटारवेडा:
रेडिएटर फुटल्यावरही ते गाडी बदलून निसटलेच. हे कोणी गाळलं?