पैसे भरण्याआधी केंद्राला एक प्रश्न विचारा

वर टिळकवाडीच्या ताईंनी विचारलंय, लेकीला कोस्टा रिकातल्या प्राणी बचाव केंद्रात स्वयंसेवक म्हणून पाठवावं का. पैसे भरून वर राबायचं, हे त्यांना पटत नाही. ताई, पैशाचं मला एवढं खटकत नाही, जेवणाराहण्याचा खर्च असतोच. केंद्राला एकच विचारा: पिल्लांना कुशीत घेऊन फोटो काढू देता का? हो म्हणाले तर नकोच. माणसाची सवय लागलेलं पिल्लू परत जंगलात सोडणं फार अवघड. चांगल्या ठिकाणी तिच्या वाट्याला फळं चिरणं, पिंजरे घासणं, पाला आणणं येईल. कोस्टा रिकात स्लॉथ (झाडाला उलटा लटकणारा, अगदी संथ प्राणी) आणि हाउलर माकडं उघड्या वीजतारांवर भाजतात. त्या जखमा बघायला मन घट्ट लागतं. रेबीजची लस प्रवासाला निघण्याआधीच घ्यावी.

आणि त्याआधी तिला बेळगावजवळच्या आमच्या खानापूरला आणाच. इथलं भीमगडचं जंगल २०११ साली अभयारण्य झालं. तिथल्या बारापेडे गुहांतली रॉटनची वटवाघळं (वटवाघळांची एक दुर्मीळ जात) जगात मोजक्याच ठिकाणी आहेत, हे आपल्या बेळगावातही किती जणांना ठाऊक आहे? भर पावसात दोन दिवस जंगलाच्या कडेला राहिली की ओल, चिखल, जळवा सगळं अंगवळणी पडेल. आमच्या घरी उतरा, सोय होईल.