ग्रोथ हॉर्मोनच्या व्हायलसाठी पाणी कुठलं घ्यावं? केमिस्टने साधं दिलंय, सल्ला हवा

चिऊची_आई (लातूर)

माझी मुलगी सात वर्षांची आहे, वजन २० किलो. ग्रोथ हॉर्मोन कमी असल्याचं निदान झालं आणि गेल्या मार्चपासून रोज रात्री इंजेक्शन चालू आहे, मीच देते. औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन परवडत नाही म्हणून डॉक्टरांनी पावडरची व्हायल लिहून दिली, ४ मिलिग्रॅमची. खोक्यातच पाण्याची वेगळी छोटी व्हायल येते. त्यातलं २ मिली पावडरीत सोडायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं आणि १४ दिवसांच्या आत संपवायचं, असं आतल्या कागदावर आहे. आमची एक व्हायल पाच रात्री पुरते.

आज संध्याकाळी नवीन खोकं उघडलं आणि पाण्याची व्हायल हातातून निसटून फरशीवर फुटली. पावडर शाबूत आहे. धावत केमिस्टकडे गेले. त्याने १० मिलीची प्लास्टिकची अँप्यूल काढून दिली, म्हणाला, "ताई, पाणी ते पाणीच. सगळ्या इंजेक्शनांना हेच लागतं." त्यावर 'स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन्स आय.पी.' असं छापलंय. पण फुटलेल्या व्हायलच्या लेबलवर 'बेंझाइल अल्कोहोल ०.९%' असंही होतं. ते यावर कुठेच नाही.

हे पाणी चालेल का? चालत असेल तर उरलेलं ८ मिली झाकून फ्रीजमध्ये ठेवून पुढच्या व्हायलला वापरू का? आणि एखाद्या चांगल्या कंपनीचं पाणी वेगळं मागवून ठेवायचं तर कुठलं? डोस रात्री ९ ला असतो. डॉक्टर पुण्याचे, त्यांचा फोन आता सकाळीच लागेल.

गोळीबंद (सोलापूर)

ताई, मी हॉस्पिटलच्या फार्मसीत चौदा वर्षं आहे. आधी आजच्या रात्रीचं बोलू. हे पाणी घालून व्हायल पाच दिवस वापरू नका. डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत पावडर तशीच फ्रीजमध्ये राहू द्या, दारातल्या कप्प्यात नको आणि फ्रीझरला चिकटूनही नको. सात वर्षांच्या मुलीचा एका रात्रीचा डोस हुकला म्हणून सहसा काही बिघडत नाही. मात्र तिला साखर एकदम खाली जाण्याचा त्रास कधी झाला असेल तर सकाळची वाट न बघता आत्ताच गावातल्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि उद्या दुप्पट डोस द्यायचा नाही.

आता कारण सांगतो. केमिस्टने दिलेलं पाणी खोटं नाही, वाईटही नाही. पण त्यात जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं काहीच नसतं. ते एकदा फोडायचं, एकदा वापरायचं आणि उरलेलं टाकायचं. तुमच्या व्हायलच्या रबरात पाच रात्रींत पाच वेळा सुई जाणार. दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं तरी एखादा जंतू आत जाऊ शकतो. साध्या पाण्यात त्याला वाढायला मोकळं रान मिळतं, फ्रीजमुळे वाढ फक्त मंदावते. बेंझाइल अल्कोहोल ते रोखतं, म्हणून कंपनी १४ दिवस म्हणू शकते. म्हणजे व्हायल किती दिवस वापरायची हे पाण्यावरच ठरतं. ८ मिली झाकून ठेवायचा प्रश्नही त्यातच सुटला. अँप्यूल उघडल्यावर ती बंद करायची सोयच नसते, वर बोळा लावला तरी.

काही ग्रोथ हॉर्मोनच्या कागदावर एक वाट दिलेली असते. बेंझाइल अल्कोहोल सोसत नसेल तर साध्या पाण्यात विरघळवा, एकच डोस घ्या, बाकीचं फेका. तुमच्या हिशोबाने ४ पैकी ३ मिलिग्रॅमहून जास्त कचऱ्यात जाईल. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच करा.

वॉटरलूप (वेर्णा, गोवा)

"पाणी ते पाणीच" हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. मी इंजेक्शनच्या कारखान्यात पाण्याच्याच विभागात काम केलंय.

बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, लॅबमधलं प्युरिफाइड वॉटर आणि इंजेक्शनचं पाणी दिसायला सारखंच. फरक दोन. पहिला म्हणजे जिवंत जंतू नकोत, हे सगळ्यांना कळतं. दुसरा फरक एंडोटॉक्सिनचा. जंतू मेले तरी त्यांच्या कवचाचे तुकडे पाण्यात राहतात आणि ते अंगात गेले की थंडी वाजून ताप भरतो. हे तुकडे उकळून जात नाहीत. घरच्या कुकरमध्ये किंवा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घातलं तरी भरवसा नाही. काचेच्या बाटल्यांवरचे घालवायला आम्ही त्या कोरड्या भट्टीत २५० अंशांच्या पुढे तापवायचो. पाण्याला तसं तापवता येत नाही, म्हणून ते मुळातच त्यांच्याविना तयार करावं लागतं. मर्यादा मिलीला ०.२५ युनिट एंडोटॉक्सिन. आमच्याकडे तयार पाणी टाकीत उभं राहू देत नसत, ८० अंशांच्या आसपास गरम ठेवून पाइपातून सतत फिरतं ठेवायचे. रात्रपाळीला त्या पाइपावर हात टेकला की चटका बसायचा, आणि तो बसला की जिवाला बरं वाटायचं.

हे कोडं सोडवलं फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन संशोधक बाईंनी, १९२३ साली. डिस्टिल्ड पाण्याचं इंजेक्शन दिलं की ताप का येतो, ते कुणाला कळत नव्हतं. वाफेबरोबर उडणारे बारीक थेंब जंतूंचा अंश पलीकडे घेऊन जातात हे त्यांनी दाखवलं आणि ते अडवणारं डिस्टिलेशनचं उपकरणही बनवलं. पुढे तपासणीसाठी हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तातून काढलेला रसायनांचा संच आला. आपल्याकडे हा प्राणी ओडिशाच्या बालासोरच्या किनाऱ्यावर सापडतो.

तेव्हा ताई, नाव कुठल्या कंपनीचं यापेक्षा लेबल वाचा. 'फॉर इंजेक्शन्स', आय.पी. (म्हणजे भारतीय औषधकोशाप्रमाणे), बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदत. 'फॉर इरिगेशन' लिहिलेली मोठी बाटली जखमा धुण्यासाठी असते, ती टोचायची नाही. प्लास्टिकची अँप्यूल पालथी करून दाबून बघा, थेंब आला तर परत करा. उजेडात धरा, आधी काळ्या कापडासमोर, मग पांढऱ्या कागदासमोर. काळ्यावर तंतू दिसतो, पांढऱ्यावर काळा कण. कारखान्यात माणसं दिवसभर हेच करतात.

मृगजळ७ (ठाणे)

माझं आयव्हीएफ चालू असताना सेट्रोरेलिक्सची इंजेक्शनं होती, ते दहा अमिनो आम्लांचं पेप्टाइड. ०.२५ मिलिग्रॅम पावडर आणि सोबत १ मिली साधं स्टराइल पाणी भरलेली सिरिंज. विरघळवलं की लगेच पोटावर टोचायचं, मागे काही ठेवायचं नाही. तिथे साधं पाणीच बरोबर, कारण एक व्हायल म्हणजे एक डोस. म्हणून 'बेंझाइलवालं भारी आणि साधं कमी' असं कुणी समजू नका.

अटलांटिकपार (न्यू जर्सी)

चिऊच्या आई, इथे बॅक्टेरियोस्टॅटिक वॉटरची ३० मिलीची व्हायल मिळते, ०.९% बेंझाइल अल्कोहोलवाली, उघडल्यावर २८ दिवस चालते. डॉक्टरची चिठ्ठी लागते, पण माझी बहीण पुढच्या आठवड्यात पुण्याला येतेय. पाठवू का?

गोळीबंद (सोलापूर)

ताई, तुमच्या मनाचा मोठेपणा आहे, पण पाठवू नका. चिऊच्या खोक्यातल्या पाण्यात बेंझाइल अल्कोहोलबरोबर मीठही असू शकतं. काही कंपन्या नुसतं पाणी देतात, काही ०.९% सलाईन, काही तर बेंझाइलऐवजी मेटाक्रेसॉल वापरतात. हॉर्मोन त्या-त्या पाण्यात टिकतं हे कंपनीने तपासलेलं असतं, दुसऱ्या पाण्यात टिकेलच असं नाही. आपल्याकडे हे पाणी सुटं सहसा मिळत नाही, त्यामुळे लोक ऑनलाइन कुणाहीकडून मागवतात आणि फसतात.

चिऊच्या आई, खोक्यावर कंपनीचा ग्राहक क्रमांक असतो. तिथे फोन करा, बॅच नंबर सांगा, पाण्याची व्हायल फुटली म्हणा. डॉक्टरांकडूनही त्यांच्या माणसाला निरोप जाऊ द्या. बऱ्याचदा बदली पाणी मिळतं.

आणखी एक, हे वाचणाऱ्या प्रत्येक आईसाठी. बेंझाइल अल्कोहोलवालं पाणी नवजात बाळाला नको. १९८२ मध्ये अमेरिकेत कमी दिवसांच्या बाळांचे मृत्यू याच्याशी जोडले गेले होते. श्वास घेताना बाळ धापा टाकायचं म्हणून त्याला 'गॅस्पिंग सिंड्रोम' नाव पडलं. सात वर्षांच्या मुलीच्या रोजच्या डोसात ते फार थोडं जातं, तुम्ही काळजी करू नका.

सिस्टर_कमल (नांदेड)

एक विचारू? चिऊच्या सिरिंजचं टोपण कुठल्या रंगाचं आहे? पाण्याच्या चर्चेत हे राहून जातं आणि मी वॉर्डात घोळ झालेले पाहिलेत.

आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात. यू-४० चं टोपण लाल, यू-१०० चं नारिंगी. यू-४० वर ४० चा आकडा म्हणजे १ मिली, यू-१०० वर १०० चा आकडा म्हणजे १ मिली. ४ मिलिग्रॅममध्ये २ मिली पाणी घातलं तर दर मिलीला २ मिलिग्रॅम औषध. समजा डॉक्टरांनी ०.७ मिलिग्रॅम लिहिलंय, तर ते ०.३५ मिली झालं. यू-४० वर ती १४ ची रेघ, यू-१०० वर ३५ ची. केमिस्टने सिरिंज बदलून दिली आणि तुम्ही जुन्या सवयीने १४ च्या रेघेपर्यंत भरलं तर निम्म्याहूनही कमी औषध जाईल. आणि १० मिलीची अँप्यूल आहे म्हणून कुणी २ ऐवजी ४ मिली घातलं, तर प्रत्येक डोस निम्मा. सिरिंजवरचं 'युनिट' इन्सुलिनचं आहे, हॉर्मोनचं नाही. हॉर्मोनचं १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट, हे दोन्ही कधी एकत्र करू नका.

पाणी सोडताना सुईचं टोक काचेला टेकवा, ओघळ काचेवरून हळू खाली येऊ द्या, पावडरीवर धार मारू नका. मग व्हायल दोन तळव्यांत धरून हलकेच फिरवा, ज्वारीच्या पिठाचा गोळा वळतो तशी. हलवून फेस काढला की हॉर्मोन बिघडतं. पाणी निवळ दिसलं पाहिजे, गढूळ राहिलं तर टोचायचं नाही. व्हायलवर पेनाने तारीख लिहा.

लोखंडी (नाशिक)

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. जिममध्ये खांदा दुखावला, एका साइटवरून बीपीसी-१५७ नावाच्या पेप्टाइडची पावडर मागवली. पाणी आलं नाही. यूट्यूबवर बघून साध्या स्टराइल पाण्यात बेंझाइल अल्कोहोल घालून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं ठरवलंय. कुठला फिल्टर चांगला?

वॉटरलूप (वेर्णा, गोवा)

मित्रा, ०.२२ चा फिल्टर जंतू अडवतो. एंडोटॉक्सिन त्यातून सरळ पलीकडे जातं. बेंझाइल अल्कोहोल किती शुद्धतेचं आहे, तुझ्या हातून ०.९ टक्केच पडलं की ३, हे घरी मोजता येत नाही. आणि समज, पाणी अगदी आमच्या कारखान्यातलं घेतलंस. पावडरचं काय? त्या व्हायलवर 'रिसर्च यूज ओन्ली' असेल. म्हणजे ती निर्जंतुक आहे, आत तेवढंच औषध आहे, याची हमी कुणीही घेतलेली नाही. चांगल्या पाण्याने वाईट पावडर चांगली होत नाही.

गोळीबंद (सोलापूर)

हेच म्हणतो. माणसांवर वापरायला त्याला मान्यता नाही, स्पर्धा खेळत असशील तर २०२२ पासून वाडाच्या (खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या) बंदीत आहे. फिल्टरचं नाव मी सांगणार नाही, कारण तू ते टोचू नयेस असं मला मनापासून वाटतं. खांद्याचा एमआरआय केलास का? ऑर्थोपेडिककडे जा आणि पावडरीबद्दल त्यांना खरं सांग. आधीच टोचलं असशील आणि जागा लाल, गरम, ठणकती झाली, ताप-थंडी आली, तर वाट बघू नकोस, कॅज्युअल्टीत जा.

लोखंडी (नाशिक)

नाही टोचलेलं अजून. एमआरआय केलेला नाही. मंगळवारी अपॉइंटमेंट घेतोय.

चिऊची_आई (लातूर)

सगळ्यांना कळवते. त्या रात्री डोस दिला नाही. चिऊने तीनदा विचारलं, "आज टुच नाही?" आणि खूश होऊन झोपली, मला मात्र झोप नव्हती.

सकाळी डॉक्टर बोलले. तिला साखर खाली जाण्याचा त्रास कधीच नव्हता, एक-दोन डोस हुकले तर चालेल म्हणाले. कंपनीला फोन केला, त्यांनी बॅच विचारली आणि फुटलेल्या व्हायलचा फोटो मागितला. काचा मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या, लेबलसकट. तिसऱ्या दिवशी त्यांच्या माणसाने पुण्याहून बर्फाच्या डब्यात नवीन व्हायल पाठवली. गोळीबंददादा बरोबर होते, लेबल नीट वाचलं तर त्यात ०.९% सोडियम क्लोराइडही आहे.

कमलताई, तुमचा मेसेज वाचून डबा उघडला. जुन्या सिरिंजची टोपणं लाल होती. केमिस्टने त्या दिवशी पाण्याबरोबर दिलेलं नवीन पाकीट नारिंगी निघालं. मी बघितलंच नव्हतं. दुपारीच बदलून आणलं, आणि फ्रीजच्या दारावर कागद चिकटवलाय: लाल टोपण, १४ ची रेघ.

काल रात्री ९ ला दिलं. व्हायलवर तारीख लिहिलीय. आता खोकं उघडताना खाली जाड टॉवेल अंथरते.