सातबाऱ्यावर बहिणीचं नाव नाही : आधी अपील की दावा?

मदत हवी आहे. राजापूर तालुक्यात वडिलोपार्जित भातशेती आणि हापूसची कलमं. वडील 1998 साली वारले, मृत्युपत्र नाही. वारस नोंदीत आई आणि दोघे भाऊ लागले, बहीण सुटली. तिचं लग्न 1989 चं. 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हिस्सा नाही, असं भाऊ ठासून सांगतात. ती अट हिंदू वारसा कायद्याच्या राज्याने केलेल्या जुन्या दुरुस्तीतली. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत नाही. वडील तेव्हा हयात नसले तरी चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट आहे. शिवाय वडिलांच्या वाट्यात ती मुळातच वर्ग 1 ची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस.

नोंदणीकृत वाटप झालेलं नाही, हक्कसोडपत्रावर तिची सही नाही. सातबारा, आठ-अ, जुना फेरफार (वारस नोंदीचा), वडिलांचा मृत्यूचा दाखला हाताशी आहे. तलाठ्याकडे अर्ज दिला. मंजूर फेरफार तिथे बदलत नाही, प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) जा म्हणाले.

घाई अशासाठी की भावांनी कलमांच्या तुकड्यासाठी गिऱ्हाईक आणलंय. खरेदीखत झालं की तिचं भांडण दुप्पट अवघड होईल. कोर्टकचेरीसाठी तिच्याकडे पैसेही बेताचेच.

प्रांतांकडे विलंबमाफीच्या अर्जासह अपील आधी करावं, की थेट दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा आणि विक्री थांबवायला मनाई अर्ज? दोन्ही सोबत केलं, तर प्रांत दाव्याच्या निकालापर्यंत अपील थांबवून ठेवतात का?